वाचकांचे प्रश्न : सर्व्हर चालतो, पण रेंगाळतो

या वेळच्या पत्रांत डिस्क, नेटवर्क आणि बॅकअप हे नेहमीचे पाहुणे कमी आहेत. ‘प्रोसेसर अचानक स्लो झाला’ हीच तक्रार जास्त. बहुतेकांनी सोबत विंडोजच्या टास्क मॅनेजरचा किंवा लिनक्सच्या ‘टॉप’ कमांडचा स्क्रीनशॉट जोडलाय आणि टक्केवारीभोवती लाल गोल काढलाय. टक्केवारीवरून प्रोसेसर किती वेळ कामात होता एवढंच कळतं. त्या वेळात तो धावत होता की खुरडत होता, हे तिच्यात दिसत नाही. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत आम्ही आधी मेगाहर्ट्झ विचारले आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत दोन सॉकेटचा रॅक सर्व्हर आहे. १६ कोरचे दोन प्रोसेसर, मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ, त्यावर लिनक्स. रात्रीची व्याज आकारणी ४० मिनिटांत व्हायची, ती गेल्या आठवड्यापासून सव्वादोन तास घेते. नवे सॉफ्टवेअर टाकलेले नाही, डेटाही तेवढाच आहे. ‘टॉप’मध्ये सगळे कोर १०० टक्के दिसतात. सर्व्हर तीनदा रीस्टार्ट केला, डेटाबेसचे इंडेक्स पुन्हा बांधले, फरक नाही. त्याच आठवड्यात यूपीएस बदलला होता, पण त्याचा संबंध नसावा. — संगणक विभाग, सांगली

उत्तर : संबंध असण्याचीच शक्यता जास्त आहे. आधी हिशेब करू. ४० मिनिटांची १३५ झाली, म्हणजे ३.३७५ पट. तुमच्या वर्गातले प्रोसेसर सगळे कोर भरलेले असताना टर्बोच्या (मूळ वेगाच्या वर जाण्याच्या सोयीच्या) जोरावर २७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि किमान वेग ८०० असलेली मॉडेल्स त्यात आहेत. २७०० भागिले ८०० केलं तरी उत्तर ३.३७५ येतं. आकडे इतके तंतोतंत जुळणं हा योगायोगही असू शकतो, पण इंडेक्स बिघडल्यावर काही क्वेऱ्या शंभरपट मंदावतात आणि काहींना काहीच होत नाही. सगळंच काम एका प्रमाणात मंदावलं असेल तर संशय घड्याळावर, म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकवर (वेगावर) घ्यावा.

खात्री करायला प्रोसेसरचा खरा वेग दाखवणारा ‘टर्बोस्टॅट’ वापरा. उबुंटूवर तो लिनक्स-टूल्समध्ये मिळतो, रेड हॅट वर्गातल्या लिनक्सवर कर्नल-टूल्समध्ये. रूट म्हणून, पाच सेकंदांच्या अंतराने आणि व्याज आकारणी चालू असताना चालवा. रिकामा सर्व्हर ८०० वर बसलेला असेल तर त्यात गैर काही नाही, तो वीज वाचवतोय. अनेक जण नेमका तेव्हाच आकडा बघतात आणि भलत्याच वाटेला लागतात.

चार रकाने बघायचे : बिझी टक्के, बिझी मेगाहर्ट्झ, पॅकेजचं (अख्ख्या प्रोसेसरचं) तापमान आणि पॅकेजचे वॉट. बिझी ९९ टक्के, मेगाहर्ट्झ कमी आणि तापमान ९० च्या घरात, तर दोष थंडाव्याचा. तापमान बरं, पण वॉटचा आकडा एकाच ठिकाणी खिळल्यासारखा, तर कुठेतरी वीजमर्यादा लागली आहे. बिझी ९९, मेगाहर्ट्झ ८०० आणि तापमान चाळिशीत, म्हणजे प्रोसेसर थंडगार असूनही हळू, तर त्याला बाहेरून कोणीतरी दाबून धरलंय. तुमच्याकडे हा तिसरा प्रकार निघेल असं वाटतं.

त्याआधी गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं लिनक्सचं धोरण, एकदा पाहून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. ‘सीपीयूपॉवर’च्या फ्रीक्वेन्सी-इन्फोमध्ये ड्रायव्हर आणि गव्हर्नर दोन्ही दिसतात. ड्रायव्हर ‘इंटेल पी-स्टेट’ असेल आणि गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’, तर घाबरू नका. तिथे तो गरजेप्रमाणे वेग वाढवतो. जुन्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रीक’ ड्रायव्हरवर मात्र त्याच नावाचा अर्थ ‘कायम किमान वेग’ असा होतो. नाव एक आणि अर्थ दोन, त्यामुळे इथे चांगले चांगले फसतात. ‘परफॉर्मन्स’ करून पाहा. तरीही ८०० च राहिला तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवा.

आता बाहेरचा हात. प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’ नावाची एक सिग्नल लाइन असते. मुळात ती ‘मी तापलोय’ हे बोर्डला सांगण्यासाठी. सर्व्हर बोर्डवर ती सहसा दुहेरी असते : बोर्डनेही ती ओढली, म्हणजे सक्रिय केली, की प्रोसेसर क्षणात किमान वेगावर उतरतो. ती ओढू शकतात ते असे : दोनपैकी एक पॉवर सप्लाय गेल्यावर उरलेल्यावर जादा भार आला तर ती यंत्रणा, बोर्डवरचे तापलेले व्होल्टेज रेग्युलेटर, किंवा बीएमसीमधली (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्डवरच्या स्वतंत्र चिपमधली) वीजमर्यादा. ऑपरेटिंग सिस्टीमला यामागचं कारण कळत नाही. रीस्टार्टने फरक पडला नाही तो याचमुळे. कारण चेसिसमध्येच आहे आणि रीस्टार्टनंतरही ते तिथेच असतं.

पुरावा हवा असेल तर प्रोसेसरच्या आतले रजिस्टर (नोंदीच्या जागा) वाचणारी एमएसआर-टूल्स टाका, एमएसआर मॉड्यूल लोड करा आणि काम चालू असताना हेक्स १९सी हा रजिस्टर वाचा. त्यातला शून्यावा बिट म्हणजे प्रोसेसर स्वतः तापलाय, दुसरा बिट म्हणजे बाहेरून प्रॉकहॉट आला, दहावा म्हणजे वीजमर्यादा. पहिला, तिसरा आणि अकरावा बिट हे ‘आधी कधीतरी घडलं होतं’ अशी नोंद ठेवतात. त्यांना आत्ताची स्थिती समजू नका. शून्यावा बिट ० आणि दुसरा १ आला की गुन्हेगार बाहेरचाच.

मग बीएमसीशी बोलणाऱ्या ‘आयपीएमआयटूल’ने सिस्टीम इव्हेंट लॉग काढा. यूपीएस बदलल्या तारखेच्या पॉवर सप्लायच्या नोंदी तिथे दिसतील. सर्व्हरच्या मागे जाऊन दोन्ही सप्लायचे दिवे पाहा. एखादा पिवळा आहे का? दोन्ही केबल पूर्ण आत बसल्या आहेत का? दोन्ही सप्लाय एकाच वॉटचे आणि एकाच पार्ट नंबरचे आहेत का? नव्या यूपीएसचं आउटपुट शुद्ध साइन वेव्ह आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देणारे स्वस्त यूपीएस पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारी यंत्रणा) असलेल्या सर्व्हर सप्लायला मानवत नाहीत आणि बॅटरीवर गेल्यावर सप्लाय फॉल्टमध्ये जातो. बीएमसीच्या वेबपेजवर पॉवर कॅप चालू आहे का तेही तपासा.

शेवटी सर्व्हर नीट शटडाउन करून दोन्ही केबल काढा, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा जोडा. बीएमसी स्टँडबाय विजेवर सतत जिवंत असतो, त्यामुळे त्यात अडकलेला फॉल्ट केबल काढल्याशिवाय जात नाही. वेग परत आला आणि काही दिवसांनी पुन्हा पडला, तर सप्लाय बदलायची वेळ झाली.

हेक्स १एफसी या रजिस्टरचा शून्यावा बिट पुसला की प्रोसेसर बाहेरचा प्रॉकहॉट ऐकणं बंद करतो, ही युक्ती तुम्हाला इंटरनेटवर सापडेल. लॅपटॉपवर लोक ती सर्रास करतात. पतसंस्थेच्या सर्व्हरवर करू नका. एकट्या उरलेल्या सप्लायला वाचवण्यासाठी तो सिग्नल येत असेल, तर पुढची पायरी भर व्यवहारात सर्व्हर बंद पडण्याची.

प्रश्न : सर्व्हर आतून साफ केल्यापासून एकच प्रोसेसर तापतो आणि हळू चालतो. दुसरा ठीक आहे. पंखे पूर्ण वेगाने फिरतात. — नाशिक

उत्तर : पंखे फिरतात म्हणजे हवा हीटसिंकमधून जातेच असं नाही. प्लॅस्टिकचं काळं एअर बॅफल परत बसवलंय का ते आधी पाहा. ते ‘झाकणच तर आहे’ म्हणून टेबलावर राहून जातं आणि हवा वरून निसटते. रॅमच्या रिकाम्या स्लॉटमधले प्लॅस्टिकचे डमीदेखील हवेची वाट ठरवण्यासाठीच असतात.

ते जागेवर असेल तर हीटसिंक काढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पूर्ण पुसा. जुन्यावर नवी थापू नका. मोठ्या सर्व्हर प्रोसेसरला मधोमध एक ठिपका पुरत नाही, कडेचे कोर कोरडे राहतात. मध्ये एक आणि कोपऱ्यांकडे चार असे पाच छोटे ठिपके द्या. नट कोणत्या क्रमाने आवळायचे ते हीटसिंकवरच्या लेबलावर आकड्यांत छापलेलं असतं, तो क्रम पाळा. ३६४७ पिनांच्या सॉकेटला टी-३० टॉर्क्स आणि १२ इंच-पाउंड, म्हणजे साधारण १.४ न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. कमी आवळलं तर उष्णता तर जात नाहीच, शिवाय काही पिना नीट टेकत नाहीत आणि रॅमचं एखादं चॅनल गायब होतं. साफसफाईनंतर एकूण रॅम कमी दिसते का, तेही बघा.

खोलीचं म्हणाल तर सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी, ही अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेची शिफारस आहे. एसीच्या रिमोटवरच्या आकड्यावर जाऊ नका, बीएमसीमधला इनलेटचा आकडा बघा.

प्रश्न : आमच्या सीए फर्ममध्ये ४ कोरचा, ३.५ गिगाहर्ट्झचा जुना सर्व्हर काढून २४ कोरचा, २.१ गिगाहर्ट्झचा नवा घेतला. त्यावर विंडोज सर्व्हर आहे. ताळेबंदाचा रिपोर्ट जुन्यावर लवकर यायचा! टास्क मॅनेजरमध्ये वापर २ टक्के दिसतो. एवढा मोकळा असून हळू का? विक्रेत्याने ६४ जीबीची एक रॅम दिली आहे. — पुणे

उत्तर : त्या २ टक्क्यांतच उत्तर आहे. २४ कोर म्हणजे हायपर-थ्रेडिंग (एका कोरचे दोन दिसणं) धरून ४८ लॉजिकल प्रोसेसर. १०० भागिले ४८ केलं की २.०८. एक लॉजिकल प्रोसेसर शंभर टक्के भरलाय आणि ४७ जण बघत बसलेत, असा त्याचा अर्थ. रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर एका थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर चालतं, त्याला २४ कोरचा उपयोग शून्य. वीस जण एकाच वेळी रिपोर्ट काढतील तेव्हा नवा सर्व्हर जिंकेल. एकट्याने काढला तर एका कोरचा वेग मोजला जातो आणि तिथे तुम्ही तोट्याचा सौदा केलाय.

तोटा कमी मात्र करता येतो. २.१ हा मूळ वेग आहे, एक-दोन कोर कामात असताना टर्बो त्याच्या बराच वर जातो. तो तिथवर पोचतोय का बघा. विंडोज सर्व्हरचा पॉवर प्लॅन मुळात ‘बॅलन्स्ड’ असतो. तो ‘हाय परफॉर्मन्स’ करा. कमांडने करायचं तर ‘पॉवरसीएफजी’मध्ये या प्लॅनचं टोपणनाव ‘स्कीम मिन’ आहे. मिन म्हणजे किमान वीजबचत. नाव ठेवणाऱ्याचा हात धन्य आहे. पण बायोसमधलं प्रोफाइल वीजबचतीवर असेल तर विंडोजने काहीही म्हटलं तरी ऐकलं जात नाही. डेलमध्ये ‘सिस्टीम प्रोफाइल’ आणि एचपीईमध्ये ‘वर्कलोड प्रोफाइल’ या नावाखाली ते सापडतं, तिथे परफॉर्मन्सचा पर्याय निवडा. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ची ३७ क्रमांकाची नोंद असेल, तर फर्मवेअर वेग दाबतंय हे विंडोज स्वतःच सांगतंय. मग वरचं सांगलीचं उत्तर वाचा.

रॅमबद्दल : तुमच्यासारख्या बऱ्याच झिऑनना (इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरना) मेमरीची सहा चॅनल असतात, काहींना आठ. डीडीआर४-२९३३ चं एक चॅनल सेकंदाला साडेतेवीस जीबी देतं, सहा मिळून १४० जीबी. एकच पट्टी लावली की तुम्ही सहा पदरी रस्त्याच्या एकाच पदरावरून चाललात. एकट्याच्या रिपोर्टला याचा फटका कमी बसेल, पण मार्च अखेरीला सगळे एकदम बसले की जाणवेल. विक्रेत्याला पट्टी परत देऊन प्रत्येक चॅनलला एक अशा १६-१६ जीबीच्या पट्ट्या मागा. प्रोसेसर दोन असतील तर दोघांकडे सारख्या हव्यात. सगळी रॅम पहिल्याच्या वाट्याला गेली तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या दारातून जावं लागतं.

प्रश्न : व्हीएमवेअरच्या होस्टवर १२ कोरचे दोन प्रोसेसर आहेत. डेटाबेसचे मशीन हळू वाटले म्हणून ८ चे १६ व्हीसीपीयू केले. आणखी हळू झाले! मशीनच्या आत वापर ५० टक्केही नाही. रेडीचा आकडा ३८,४०० मिलिसेकंद दिसतो. — ठाणे

उत्तर : रेडी म्हणजे व्हीसीपीयूने (व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या प्रोसेसरने) खऱ्या कोरची वाट बघण्यात घालवलेला वेळ. रिअल-टाइम चार्टमधला आकडा २० सेकंदांचा असतो. ३८,४०० भागिले २०,००० म्हणजे १९२ टक्के, आणि ते १६ व्हीसीपीयूंत वाटले की प्रत्येकी १२. साधारणपणे प्रत्येकी ५ टक्क्यांच्या वर गेलं की वापरणाऱ्याला जाणवू लागतं. म्हणजे तुमचा प्रत्येक व्हीसीपीयू आठव्या हिश्श्याएवढा वेळ, काम हातात असूनही खऱ्या कोरसाठी रांगेत उभा आहे. मशीनच्या आतल्या टक्केवारीत ही रांग दिसत नाही.

व्हीसीपीयू जितके जास्त, तितकं त्या सगळ्यांना बरोबरीने पुढे नेणं शेड्यूलरला अवघड. एखादा फार मागे पडला तर पुढे गेलेल्यांना थांबवलं जातं; व्हीएमवेअरच्या ‘ईएसएक्सटॉप’मध्ये हे को-स्टॉपच्या रकान्यात दिसतं. शिवाय १२ कोरच्या सॉकेटमध्ये १६ मावत नाहीत. मशीन दोन न्यूमा नोडवर (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची रॅम यांच्या गटांवर) पसरतं आणि निम्मी मेमरी लांबची होते. ८ वर परत या. मग होस्टवरच्या बाकीच्या मशीनना उगाच दिलेले व्हीसीपीयू कमी करा, मूळ दुखणं बहुधा तिथेच आहे. जाता जाता मशीनच्या सेटिंगमध्ये सीपीयू ‘लिमिट’ टाकलेलं नाही ना पाहा. टेम्प्लेटमधून आलेलं जुनं लिमिट वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची खूण ‘ईएसएक्सटॉप’च्या ‘एमएलएमटीडी’ या रकान्यात दिसते.

प्रश्न : लग्नाचे फोटो लहान करण्याचे काम क्लाउडवरच्या टी२ मायक्रोवर चालते. रोज सकाळी १० ला सुरू होते. सोमवारी पावणेएकपर्यंत झकास, मग एकदम मंद. मंगळवारपासून तर पावणेबारालाच मंद. संध्याकाळी ७ ला काम थांबवतो. शनिवार-रविवार बंद. सोमवारचे काय गुपित? — फोटो स्टुडिओ, पणजी

उत्तर : गुपित दोन दिवसांच्या सुट्टीत आहे. अ‍ॅमेझॉनच्या टी२ मायक्रोला दर तासाला ६ सीपीयू क्रेडिट मिळतात आणि जास्तीत जास्त १४४ साठतात. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण वेगाने. पूर्ण वेगात तासाला ६० खर्च आणि ६ जमा, म्हणजे ५४ ची घट. सुट्टीत टाकी १४४ वर भरते. १४४ भागिले ५४ म्हणजे २ तास ४० मिनिटं, १२ वाजून ४०. इतर दिवशी रात्री ७ ते सकाळी १० या १५ तासांत ९० च जमतात. ते १ तास ४० मिनिटं पुरतात, ११ वाजून ४०. टाकी रिकामी झाली की मशीन हळूहळू १० टक्क्यांच्या पायाभूत वेगावर येतं. त्या वेळी ‘टॉप’मध्ये ‘एसटी’चा आकडा चढलेला दिसेल, तेवढा वेळ तुमच्याकडून काढून घेतलेला असतो. क्लाउडवॉचमध्ये क्रेडिट बॅलन्सचा आलेख लावा, उतरती करवत दिसेल.

मोठं टी मशीन घेऊन दुखणं फक्त पुढे ढकललं जाईल. टी३ घेतलंत तर ते मुळातच ‘अनलिमिटेड’वर असतं : मंदावणार नाही, पण जास्तीच्या वापराचं बिल येईल. रोज नऊ तास पूर्ण वेग लागणाऱ्या कामाला सी मालिकेतलं मशीन घ्या आणि संध्याकाळी ते बंद करा.

प्रश्न : लोड अ‍ॅव्हरेज ३०, पण सीपीयू ७० टक्के रिकामा. कोणावर विश्वास ठेवावा? — सोलापूर

उत्तर : दोन्ही खरं बोलतात. लिनक्सच्या लोडमध्ये, म्हणजे कामाच्या सरासरी रांगेत, डिस्क किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या फाइल साठवणीची) वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. ‘पीएस’मध्ये ‘डी’ स्थितीतल्या प्रोसेस शोधा. डझनभर निघाल्या तर स्टोरेजकडे वळा, प्रोसेसर निर्दोष आहे.

प्रश्न : ‘केआयपीएमआय०’ नावाची प्रोसेस एक कोर १०० टक्के खाते. व्हायरस आहे का? — अमरावती

उत्तर : नाही. बीएमसीशी बोलणारा तो कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) धागा आहे आणि त्याची नाइस किंमत १९, म्हणजे कोणी काम घेऊन आलं की तो बाजूला होतो. डोळ्यांना खुपत असेल तर आयपीएमआय-एसआय मॉड्यूलला ‘किपमिड मॅक्स बिझी’ची मर्यादा १०० मायक्रोसेकंद द्या.

प्रश्न : रीबूटनंतर डेटाबेस अचानक मंद झाला. मेगाहर्ट्झ बरोबर, तापमान बरोबर. फक्त ‘सिस्टीम’ वेळ खूप वाढला आहे. — हैदराबाद

उत्तर : बूटच्या लॉगमध्ये ‘टीएससी अनस्टेबल’ अशी ओळ शोधा आणि चालू क्लॉकसोर्स कोणता ते पाहा. कर्नलने टीएससीवरचा (प्रोसेसरमधल्या जलद घड्याळावरचा) विश्वास काढून एचपीईटी (बोर्डवरचं संथ घड्याळ) धरला असेल, तर प्रत्येक वेळी ‘किती वाजले’ हे विचारायला कर्नलमध्ये शिरून एका संथ उपकरणाचं दार ठोठवावं लागतं. डेटाबेस तो प्रश्न सेकंदाला लाखोंदा विचारतो. आधी बायोस अपडेट करा. टीएससी जबरदस्तीने परत लावण्याआधी दोन सॉकेटची घड्याळं खरंच एकमेकांशी जुळतात याची खात्री हवी, नाहीतर नोंदींचे वेळ मागे-पुढे होतील.

प्रश्न : २०१८ च्या स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींचे पॅच बंद केले तर सर्व्हर वेगवान होईल म्हणतात. करावे का? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कर्नल ५.२ पासून ‘मिटिगेशन्स ऑफ’ असा एकच पर्याय देऊन ते सगळे बंद करता येतात. नुसतं गणित करणाऱ्या कामाला फरक जवळजवळ पडत नाही. सतत कर्नलमध्ये ये-जा करणाऱ्या कामाला, म्हणजे असंख्य छोट्या फाइली किंवा नेटवर्कची पाकिटं हाताळणाऱ्या कामाला, जुन्या प्रोसेसरवर पडतो. सर्व्हरवर परक्यांचा कोड चालत असेल, मग ते ग्राहकांचं व्हर्च्युअल मशीन असो की वापरणाऱ्यांनी अपलोड केलेली स्क्रिप्ट, तर विषय संपला, बंद करू नका. पूर्ण तुमच्या ताब्यातलं, इंटरनेटपासून तोडलेलं मशीन असेल तर तुमचंच रोजचं काम दोन्ही प्रकारे तीन-तीनदा चालवून वेळ मोजा. फरक दोन-चार टक्क्यांचा निघाला तर पॅच परत चालू करा आणि बायोसमधलं पॉवर प्रोफाइल बघायला जा.